घोट्याच्या उंचीवरून माणसे मोजताना

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी, खरेदीची प्रदर्शने भरवणाऱ्या एका संस्थेने आमच्या छोट्याशा गटाकडे एक काम सोपवले. सभागृहात लोक कसे फिरतात, कोणत्या गल्लीत गर्दी तुंबते, कोणत्या स्टॉलसमोर लोक थांबतात आणि कोणत्या कोपऱ्याकडे कोणी फिरकतच नाही, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. कॅमेरे लावायला मात्र स्टॉलधारकांचा आणि काही ग्राहकांचा विरोध होता. तेव्हा दोन पुरवठादारांनी लेझरवर चालणाऱ्या प्रणाली सुचवल्या. एकाची प्रणाली घोट्याच्या उंचीवरून सपाट किरण फिरवणारी होती, दुसऱ्याची छताजवळून अनेक थरांत खाली पाहणारी. अचूकतेचा आकडा दोघांच्याही माहितीपत्रकात होता, दोन्ही आकडे सारखेच भरघोस होते, आणि ते कशाचे, कोठे, कोणाला चालवून काढले याबद्दल दोन्ही पत्रकांत चकार शब्द नव्हता. यांपैकी कोणती प्रणाली घ्यावी हे सांगणे एवढेच आमचे काम होते. ते करताना माझे जे मत बनले, ते आधीच सांगून टाकते: माणसांचा माग काढणाऱ्या प्रणालीला एकच एक अचूकता नसते. तुम्ही कोणता प्रश्न विचारता, तुमच्या जागेत कोण चालते आणि तुमची मोजपट्टी स्वतः किती सरळ आहे, या तीन गोष्टींवर तो आकडा ठरतो, आणि तिसऱ्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

यंत्र काय करते ते आधी पाहू. लेझर अंतरमापक प्रकाशाचा अतिशय छोटा स्पंद सोडतो, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. अंतरात एका सेंटिमीटरचा फरक ओळखायचा, तर सेकंदाचा सुमारे पंधरा अब्जावा भाग ओळखता यावा लागतो. आत फिरणारा आरसा हाच किरण गोल फिरवतो आणि प्रत्येक कोनाला एक अंतर मिळते. संशोधनात आणि रोबॉटवर बरीच वर्षे वापरला गेलेला होकुयो कंपनीचा यूटीएम-३०एलएक्स हा स्कॅनर २७० अंशांच्या पट्ट्यात पाव-पाव अंशावर, म्हणजे एका फेरीत १,०८१ अंतरे मोजतो आणि अशा ४० फेऱ्या सेकंदाला करतो. त्याचा किरण ९०५ नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त असल्याने दिसत नाही. “डोळ्यांना काही होणार नाही ना?” हा प्रश्न प्रदर्शनात आम्हाला इतक्यांदा विचारला गेला, की शेवटी आम्ही फळाच लावला: हे उपकरण पहिल्या वर्गातले, म्हणजे नेहमीच्या वापरात डोळ्यांना सुरक्षित मानलेले आहे.

पाव अंश हा आकडा ऐकायला फार बारीक वाटतो, पण दहा मीटरवर दोन शेजारच्या किरणांमध्ये साडेचार सेंटिमीटरांची फट पडलेली असते. घोट्याच्या वरचा पाय दहा-बारा सेंटिमीटर रुंद धरला, तर त्यावर दोन किंवा तीन बिंदू पडतात. वीस मीटरवर एखाद-दुसराच बिंदू पडतो आणि तीस मीटरवर तर तोही पडेलच असे नाही. यंत्राची कक्षा तीस मीटर आहे याचा अर्थ तीस मीटरवरची भिंत दिसते एवढाच असतो. तीस मीटरवर माणूस ओळखता येईल, असा तो अर्थ नसतो. माहितीपत्रकातला अंतराचा आकडा वाचताना ही पहिली गफलत होते, आणि ती मीही पूर्वी केलेली आहे.

सपाट किरणाने माणूस ओळखण्याची पद्धत मुळात पायांवर उभी आहे. आधी रिकाम्या जागेचे चित्र साठवायचे, नंतर त्यात जे नव्याने दिसेल ते वेगळे काढायचे, जवळजवळच्या बिंदूंचे पुंजके करायचे आणि जवळपास असलेले दोन पुंजके आलटून पालटून पुढे सरकत असतील तर तो एक माणूस मानायचा. तोकियोत हुइजिंग झाओ आणि र्योसुके शिबासाकी यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात असे अनेक स्कॅनर जमिनीलगत ठेवून, चालणाऱ्या पायांच्या लयीवरून गर्दीतल्या माणसांचा माग काढण्याची पद्धत मांडली. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातून काइ आरास आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये वेगळी वाट घेतली. पुंजक्याची रुंदी, गोलाई, बिंदूंची संख्या असे साधे गुणधर्म घेऊन, पाय कोणता आणि खुर्चीचा खूर कोणता हे यंत्रालाच उदाहरणांवरून शिकू दिले. पुढच्या क्षणी माणूस कोठे असेल याचा अंदाज बांधायला १९६० पासून सर्वत्र वापरात असलेले कालमन फिल्टर हे गणिती तंत्र आहेच. माणूस सेकंदाला सव्वा-दीड मीटर चालतो असे धरले, तर दोन फेऱ्यांच्या मधल्या पंचवीस मिलिसेकंदांत तो जेमतेम तीन-चार सेंटिमीटर सरकतो, त्यामुळे मोकळ्या जागेत हा अंदाज फारसा चुकतही नाही.

ही सगळी मांडणी वाचताना मला जाणवत गेले, की तिच्या तळाशी पँट घातलेला माणूस गृहीत धरलेला आहे.

पहिल्या दिवशी चाचणीसाठी आम्ही चौघे रिकाम्या सभागृहात चालून पाहत होतो. तिघे सहकारी जीन्समध्ये होते आणि पडद्यावर त्यांच्या पायांची ठिपक्यांची जोडी सुरेख पुढे सरकत होती. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम साडी नेसून गेले. स्कॅनर जमिनीपासून वीस सेंटिमीटरवर होता. त्याला माझे पाय दिसतच नव्हते; दिसत होती ती एक कमान, जी पाऊल पुढे टाकले की रुंदावत होती, पाऊल जुळले की आक्रसत होती, आणि निऱ्या एका बाजूला फेकल्या गेल्या की तिचा मध्यच एकदम दहा सेंटिमीटर सरकत होता. प्रणालीने मला कधी माणूस म्हटले, कधी एखादे सामान म्हटले, आणि मी वळले तेव्हा माझी ओळख, म्हणजे प्रणाली प्रत्येक माणसाला देते तो क्रमांकच, बदलून टाकली. मग आमच्या ओळखीतल्या एक काकू नऊवारी नेसून आल्या आणि गंमत अशी, की काष्ट्यामुळे त्यांचे दोन पाय बऱ्यापैकी वेगळे दिसले. सहावारीपेक्षा नऊवारीचा माग अधिक नीट निघाला. लुंगी, घागरा आणि बुरखा यांचे सहावारीसारखेच झाले. एखाद्या परदेशी विद्यापीठाच्या बोळात घेतलेल्या चाचणीत यातले काहीच नसणार, यात त्यांचा दोष नाही. पण तो आकडा उचलून आपल्याकडच्या दिवाळीच्या प्रदर्शनाला लावणे हा मात्र आपला दोष ठरेल. चाचणीत कोण चालले हे लिहिल्याशिवाय अचूकतेचा आकडा लिहूच नये असे मला तेव्हापासून वाटते. जर्मनीतल्या आखेनच्या संशोधकांनी २०१६च्या सुमारास व्हीलचेअर आणि वॉकर ओळखण्याची पद्धत बसवली, तेव्हा त्यांनी नोंदी थेट वृद्धांच्या शुश्रूषागृहात घेतल्या होत्या. मला ते उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण ज्यांना ओळखायचे त्यांच्यातच त्यांनी चाचणी घेतली.

कपड्यांच्या पाठोपाठ पृष्ठभागांचा प्रश्न येतो. उत्पादक जी कक्षा सांगतात ती बहुधा पांढऱ्या, चांगले परावर्तन करणाऱ्या फलकावर मोजलेली असते आणि काळसर वस्तूसाठी ती बरीच घटते. पण डोळ्यांना काळे दिसणारे कापड अवरक्त किरणालाही काळेच असते असे नाही. कित्येक काळ्या रंगांच्या कृत्रिम कापडांवरून ९०५ नॅनोमीटरचा प्रकाश चांगला परततो, उलट एखादा काळा कातडी बूट किरण जवळजवळ गिळून टाकतो. त्यामुळे “काळे कपडे घातलेले स्वयंसेवक चालवून पाहिले” एवढ्याने काही सिद्ध होत नाही. आमच्या सभागृहाची फरशी घोटीव ग्रॅनाइटची होती, आणि एक स्कॅनर अर्ध्या अंशाने खाली झुकला होता. त्याचा किरण तेवीस मीटरांच्या सुमारास जमिनीला टेकत होता, तेथून आरशासारखा परावर्तित होऊन पुढच्या स्टॉलच्या खांबावर जात होता, आणि प्रणालीला जमिनीखाली एक खांब दिसत होता. याशिवाय कडेचे बिंदू असतात: किरणाचा ठिपका दूरवर रुंद होत जातो, त्याचा अर्धा भाग पायाच्या कडेवर आणि अर्धा मागच्या भिंतीवर पडला तर यंत्र दोन्हींच्या मधलेच काहीतरी अंतर सांगते, आणि जेथे काहीच नाही तेथे एक बिंदू तरंगताना दिसतो. अशा बिंदूंचे पुंजके झाले की सभागृहात भुते फिरू लागतात.

छताजवळून पाहणाऱ्या प्रणालीला यातल्या बऱ्याच अडचणी नसतात, कारण तिला पाय नव्हे तर डोके आणि खांदे दिसतात, आणि वरून पाहताना माणसे एकमेकांच्या आड कमी येतात. या पद्धतीचे मला सर्वांत चांगले माहीत असलेले उदाहरण जपानमधल्या ओसाका शहरातल्या एटीसी या व्यापारी संकुलाचे आहे. एटीआर या संशोधन संस्थेतल्या ड्राझेन ब्रश्चिच, ताकायुकी कांदा आणि सहकाऱ्यांनी तेथे डोक्यापेक्षा उंचावर त्रिमितीय अंतरमापक बसवून सुमारे ९०० चौरस मीटर जागेतल्या लोकांचे स्थान, उंची आणि शरीराची दिशा यांचा माग काढला आणि ती पद्धत २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. ते सगळे मापक शुद्ध लेझरचे नव्हते. वेगवेगळ्या तंत्रांची उपकरणे एकत्र वापरता यावीत हाच त्यांच्या पद्धतीचा एक हेतू होता. २४ ऑक्टोबर २०१२ ते २९ नोव्हेंबर २०१३ या काळात दर आठवड्याला बुधवारी आणि रविवारी, सकाळी ९:४० ते रात्री ८:२० पर्यंत, असे एकूण ९२ दिवस त्यांनी नोंदी घेतल्या आणि त्या संशोधकांसाठी खुल्या केल्या. प्रत्येक ओळीत वेळ, माणसाचा क्रमांक, मिलिमीटरमधले स्थान, उंची, वेग, चालण्याची दिशा आणि तोंडाची दिशा असते. ना नाव, ना चेहरा. बुधवार आणि रविवार ही जोडी मला आवडली. एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा, म्हणजे एकाच जागेची दोन रूपे.

याच गटाने पुढे २०१५ मध्ये, संकुलात फिरणाऱ्या रोबॉटला मुले घेरतात, अडवतात, कधी मारतातही, यावर अभ्यास प्रसिद्ध केला. रोबॉटने आसपासच्या माणसांच्या नोंदींवरून असा प्रसंग ओढवण्याची शक्यता आधीच हेरायची आणि मोठ्या माणसांच्या जवळ निघून जायचे, अशी ती योजना होती. आणि लहान कोण, मोठे कोण, हे उंचीवरून कळत होते. आजीच्या पदराआड लपणाऱ्या मुलाची आठवण व्हावी असा हा रोबॉट.

पण ओसाकाच्या नोंदी वापरताना एक गोष्ट विसरून चालत नाही. ते मार्ग माणसांनी हाताने रेखलेले नसून प्रणालीनेच काढलेले आहेत. गर्दीतून लोक कसे चालतात याचा अभ्यास करायला ते उत्तम आहेत. दुसऱ्या प्रणालीची परीक्षा घेण्यासाठी ते “सत्य” म्हणून वापरायचे, तर पहिल्या प्रणालीच्या चुकाही सत्य मानाव्या लागतील. आमच्या पुरवठादारांपैकी एकाने नेमके असेच केले होते: आपल्या जुन्या आवृत्तीच्या निकालाशी नव्या आवृत्तीची तुलना करून त्या जुळण्यालाच अचूकता म्हटले होते.

आता मोजपट्टीकडे येऊ. माग काढण्याच्या क्षेत्रात बेर्नार्डिन आणि श्टीफेलहागेन यांनी २००८ मध्ये मांडलेली ‘मोटा’ ही मोजणी अजूनही बरीच दिसते. हुकलेली माणसे, नसलेल्या माणसांच्या नोंदी आणि ओळखीच्या अदलाबदली, या तिन्ही चुकांची बेरीज करायची, तिला प्रत्यक्षातल्या एकूण उपस्थितींनी भागायचे आणि एकातून वजा करायचे. मोजणी साधी आहे, म्हणूनच ती फसवीही आहे. समजा, दहा माणसे शंभर सेकंद फिरत आहेत आणि सेकंदाला दहा नोंदी होतात, म्हणजे एकूण उपस्थिती दहा हजार. पहिल्या प्रणालीने पाचशे उपस्थिती हुकवल्या, पण कोणाचीही ओळख बदलली नाही. दुसरीने चारशे ऐंशी हुकवल्या आणि वीस वेळा ओळखींची अदलाबदल केली. दोघींचे गुण अगदी सारखे, ९५ टक्के. पहिलीत प्रत्येक माणूस शंभरातले सरासरी पाच सेकंद दिसेनासा होतो एवढेच. दुसरीत दहा माणसांमागे वीस अदलाबदली झाल्या आहेत, म्हणजे आरंभापासून शेवटपर्यंत एकाच माणसाचा म्हणता येईल असा मार्ग क्वचितच उरला असेल. त्यातून यंत्राचा वेग वाढवला, म्हणजे सेकंदाला दहाऐवजी चाळीस नोंदी घेतल्या, तर भाजक चौपट होतो आणि अदलाबदली मात्र वीसच राहतात. प्रणाली तसूभरही न सुधारता तिची सर्वांत घातक चूक गुणपत्रिकेत चौपट हलकी होते! हे गणित मी त्या संस्थेच्या बैठकीत फळ्यावर मांडले, तेव्हा एका पुरवठादाराच्या प्रतिनिधीने मान डोलावली आणि दुसऱ्याने चहा मागवला.

ओळख टिकण्याला वेगळी मोजणी हवी हे क्षेत्रातल्या लोकांनाही उमगले होते. २०१६ मध्ये आलेली आयडीएफ-१ ही मोजणी, माणसाची एकच ओळख एकूण किती काळ बरोबर टिकली ते पाहते. २०२० मधली ‘होटा’ शोधणे आणि जोडणे या दोन्ही कौशल्यांना सारखे वजन द्यायचा प्रयत्न करते. मी तरीही या कोणत्याही एका आकड्यावर निर्णय सोपवणार नाही. आमच्यासारख्या कामात त्याहून साधा प्रश्न उपयोगी पडतो: माणूस किती मीटर चालला की त्याची ओळख तुटते? दर दहा मीटरला ओळख टिकण्याची शक्यता ९५ टक्के असेल तर ते छानच वाटते, पण शंभर मीटरांच्या फेरफटक्यात ती दहा वेळा गुणली जाते आणि साठ टक्क्यांवर येते. प्रवेशद्वारापासून बाहेर पडण्यापर्यंतचा मार्ग हवा असेल तर दहातल्या चार माणसांबद्दल प्रणाली चुकीची कथा सांगणार. उलट, फक्त दारातून किती लोक आत आले एवढेच हवे असेल, तर ओळखीची अदलाबदल झाली काय आणि नाही झाली काय, बेरजेत फरक पडत नाही. शिवाय हुकलेले आणि भासलेले एकमेकांना कापून टाकतात आणि बेरीज खरी असण्यापेक्षाही खरी वाटते.

सर्वांत जास्त घाम फुटला तो खरे उत्तर मिळवताना. लेझर निवडला तो कॅमेरा नको म्हणून. पण लेझर बरोबर सांगतो की नाही हे तपासायला कॅमेऱ्यापेक्षा सोयीचे साधन आमच्याकडे नव्हते. शेवटी मुख्य प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, फक्त स्टॉलधारक आणि त्यांची माणसे असताना, सर्वांची लेखी संमती घेऊन, आम्ही वरून एक कॅमेरा लावला आणि तेवढेच चित्रण वापरले. दहा मिनिटांच्या चित्रणात प्रत्येक माणसाचे पाऊल कोठे आहे ते हाताने टिपायला आम्हा दोघींना दोन पूर्ण दिवस लागले. पहिली तुलना केली, तर दोन्ही प्रणाली सरासरी पंधरा-वीस सेंटिमीटरांनी चुकत होत्या, आणि चूक नेहमी माणूस ज्या दिशेने चालला आहे त्याच दिशेने होत होती. येथेच शंका आली. कॅमेऱ्याचे घड्याळ आणि लेझरचे घड्याळ यांच्यात सुमारे दीडशे मिलिसेकंदांचा फरक निघाला. चालणारा माणूस तेवढ्या वेळात वीस सेंटिमीटर पुढे जातो. चूक प्रणालीची नव्हतीच, ती आमच्या घड्याळांची होती. घड्याळे जुळवण्यासाठी मग आम्ही एक अगदी गावठी उपाय केला: सहकाऱ्याने कॅमेरा आणि स्कॅनर दोघांच्याही समोर एक पुठ्ठा सपकन खाली आपटायचा आणि त्या क्षणावर दोन्ही नोंदी जुळवायच्या. चित्रपटाच्या सेटवर क्लॅप वाजवतात, तसेच हे.

घड्याळे जुळल्यावरही काही सेंटिमीटर उरलेच, आणि ते उरणे योग्यच होते. लेझरला माणसाची फक्त त्याच्याकडची बाजू दिसते. आम्ही चित्रणात टिपला होता पावलांमधला मध्य. छतावरची प्रणाली सांगत होती डोक्याचा मध्य, आणि चालताना माणूस किंचित पुढे झुकलेला असतो. तिन्ही उत्तरे बरोबर आणि तिन्ही वेगळी. माणूस नेमका कोठे आहे, या प्रश्नाला सेंटिमीटरच्या पातळीवर एक उत्तर नाही, त्यामुळे दोन सेंटिमीटरांच्या फरकावरून एका प्रणालीला श्रेष्ठ ठरवणे मला हास्यास्पद वाटते. सपाट स्कॅनर दोन-तीन ठिकाणी बसवले की त्यांच्या आपसांतल्या कोनाची चूकही येते. अर्ध्या अंशाची चूक वीस मीटरवर साडेसतरा सेंटिमीटर होते, आणि एकच माणूस दोन स्कॅनरांना दोन जागी दिसून दोन माणसे होऊन बसतो.

टिपताना नियमही ठरवावे लागले, आणि येथे तंत्र संपून भलतेच प्रश्न सुरू झाले. कडेवरचे मूल हा एक माणूस की दोन? आम्ही दोन म्हटले, कारण गर्दीच्या आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ती दोन माणसे आहेत. छतावरच्या प्रणालीला मात्र ती एकच दिसली आणि तिचे गुण गेले. बोट धरून चालणारे मूल आईच्या मागे गेले की घोट्याच्या उंचीवर पूर्ण आड होते. डोक्यावर खोके घेऊन जाणारा हमाल वरून पाहणाऱ्या प्रणालीला सव्वादोन मीटर उंचीचा वाटला आणि तिने त्याला माणसांतूनच काढून टाकले. प्रदर्शन उभारण्याच्या दिवशी सर्वांत जास्त चालणारी माणसे तीच, आणि गणतीत तीच नाहीत. हा निकाल पाहून मला बराच वेळ अस्वस्थ वाटत राहिले.

आणखी एक चूक अशी आहे, की ती थोड्या वेळाच्या चाचणीत दिसतच नाही. पार्श्वभूमीचे चित्र प्रणालीला अधूनमधून अद्ययावत करावे लागते, कारण खुर्च्या हलतात, स्टॉलचे टेबल पुढे सरते. मग जो माणूस पाच-सात मिनिटे एकाच जागी उभा राहतो, तो हळूहळू पार्श्वभूमीत विरघळतो. आमच्या सपाट प्रणालीत पैसे भरण्याच्या रांगेतली माणसे एकेक करून नाहीशी झाली आणि रांग पुढे सरकली की पुन्हा प्रकटली. लोक कोठे थांबतात हा संस्थेचा मुख्य प्रश्न होता, आणि थांबलेल्या माणसांनाच प्रणाली खांब समजत होती. पाच मिनिटांच्या चाचण्यांची मालिका कितीही मोठी केली तरी ही चूक हाती लागली नसती.

गर्दीचे तर विचारूच नका. स्टॉलधारकांच्या दिवशी दोन्ही प्रणाली सारख्याच हुशार दिसत होत्या. शनिवारी संध्याकाळी, खांद्याला खांदा लागू लागल्यावर, घोट्याच्या उंचीवरच्या किरणांना पहिल्या रांगेतल्या पायांपलीकडे काही दिसेना आणि मागच्या माणसांचे मार्ग तुकड्या-तुकड्यांत निघू लागले. छतावरची प्रणाली अधिक काळ तगली. पण तिच्या सोळा थरांत दोन-दोन अंशांचे अंतर होते. दहा मीटरवर दोन थरांमध्ये पस्तीस सेंटिमीटरांची फट पडते आणि एखादे डोके सहज त्या फटीत बसते. म्हणून आम्ही अहवालात एकच सरासरी न देता चौरस मीटरमागे किती माणसे असताना काय होते ते वेगळे दाखवले. गर्दीची माहिती ज्यांना सुरक्षिततेसाठी हवी असते, त्यांना रिकाम्या दुपारचा निकाल उपयोगाचा नसतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. अशा जिन्यावर बसवण्यासाठी कोणी प्रणाली विकत असेल तर तिची परीक्षा त्याच घनतेत झाली आहे का, हा पहिला प्रश्न असायला हवा. त्या घनतेत एकेकट्याचा माग काढण्याचा अट्टहास सोडून फक्त दाटी आणि तिचा प्रवाह मोजणे बहुधा शहाणपणाचे ठरेल, असे माझे मत आहे.

चेहरा नोंदला जात नाही म्हणजे खासगीपणाचा प्रश्न मिटला, असे दोन्ही पुरवठादार सांगत होते. ते अर्धेच खरे आहे. २०१३ मध्ये द मोन्तज्वा आणि सहकाऱ्यांनी पंधरा लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासून दाखवले, की स्थळ आणि वेळ यांचे केवळ चार बिंदू मिळाले तरी ९५ टक्के लोक इतरांपासून वेगळे ओळखता येतात. ते मोबाइलचे होते, सभागृहातले नव्हते. पण पैसे भरण्याच्या ठिकाणाची वेळ बिलावर छापलेली असते, आणि बिलावर नाव असते. बिल आणि मार्ग जोडले, की क्रमांक ४१७ची व्यक्ती कोण हे कळायला काही लागत नाही. आपल्या २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातही, जिच्यावरून किंवा जिच्या संदर्भाने व्यक्ती ओळखता येते ती माहिती व्यक्तिगत धरली आहे. प्रणालीच्या मूल्यमापनात ही बाजूही मोजावी असे आम्ही सुचवले: कच्चे मार्ग किती काळ साठवले जातात, आणि ते यंत्रातच बेरजेत रूपांतरित होऊन पुसले जातात की कोठेतरी पाठवले जातात. एका पुरवठादाराचे मार्ग परदेशातल्या सर्व्हरवर जात होते. त्याच्या माहितीपत्रकात ते नव्हते, नेटवर्कची तार तपासताना कळले.

शेवटी संस्थेने “मग नेमके कोणते घ्यायचे?” असे विचारलेच. त्यांच्या प्रश्नांची यादी पुन्हा काढून बसलो, तेव्हा लक्षात आले की आरंभापासून शेवटपर्यंतचा मार्ग त्यांना खरे तर लागतच नव्हता. गल्लीनिहाय दाटी आणि स्टॉलसमोर थांबण्याचा काळ एवढे पुरत होते. म्हणून चार मुख्य चौकांवर छतावरचे मापक लावावेत, घोट्याच्या उंचीवरचे मुळीच नकोत, ओळखीचा क्रमांक दर चौकात नव्याने द्यावा आणि चौक ओलांडताच पुसावा, असे आम्ही लिहून दिले. यामुळे प्रणालीची सर्वांत दुबळी बाजू वापरातच येत नाही आणि बिलाशी जोडता येईल असा लांब मार्गही तयार होत नाही. आमचे दहा मिनिटांचे चित्रण ठरल्याप्रमाणे तीस दिवसांनी पुसून टाकले. पुसण्यापूर्वी मी ते एकदा पूर्ण पाहिले. शेवटच्या मिनिटात तो खोकेवाला हमाल येतो, खोके खाली ठेवतो, आणि त्याच क्षणी छतावरच्या प्रणालीच्या पडद्यावर सभागृहाच्या ऐन मध्यभागी एक नवा माणूस उगवतो.